गव्हाच्या ओळीतला संत्रा

वडधोंडीच्या सहकारी समितीच्या गोदामात शिरलं की डाव्या भिंतीवर सहा खिळे दिसतात. एका ओळीत, हात-हात अंतर सोडून ठोकलेले. पहिल्या खिळ्याखाली गेरूनं लिहिलं आहे ‘परदेश’. मग ‘समुद्र’, ‘बंदर’, ‘छिंदवाडा’, ‘सौंसर’, आणि शेवटच्या खिळ्याखाली ‘आपलं गोदाम’. गेल्या डिसेंबरात यातल्या दुसऱ्या खिळ्यावर एक लाल चिंधी लटकत होती, आणि सारं गाव तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

खिळे ठोकले होते रजनीनं. रजनी वसंत कळंबे, समितीची विक्रेती. मशीनवर अंगठा घ्यायचा, पावती फाडायची आणि खताच्या बोऱ्या द्यायच्या, हे तिचं काम. त्या साली युरियाची ओढाताण झाली आणि दिवसातून चाळीस वेळा एकच सवाल तिच्या कानावर यायला लागला, “ताई, कधी येऊन राहिला युरिया?” उत्तर देऊन देऊन घसा बसला. तेव्हा तिनं हातोडी घेतली. सायली, तिची पोरगी, सौंसरच्या कॉलेजात बी.ए. करते. ती मोबाईलवर बातम्या बघून सांगायची, सौंसरचे ट्रकवाले फोनवर सांगायचे, आणि रजनी रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की युरिया जिथवर पोचला असेल त्या खिळ्यावर चिंधी ठेवायची. सरकली तर सरकली, नाही तर तिथेच. खोटी आशा लावायची नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

ती काटोलची लेक. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि मोहगावच्या पलीकडच्या, हिंदी राज्यातल्या या गावात सून होऊन आली. नवरा वसंतराव याच समितीत विक्रेता होता. अठरा वर्षं त्यानं ही खुर्ची सांभाळली. अक्षर असं, की छापल्यासारखं. पाच वर्षांपूर्वी तो तापाचं निमित्त होऊन गेला आणि समितीनं त्याच्या जागी तिला घेतलं. पहिले दोन महिने अंगठ्याचं मशीन तिला जमायचंच नाही. कागदांचं तसं नव्हतं. कागद वसंतरावांनी लावून ठेवलेले होते. कोणता कागद कधी पाठवायचा, त्यात काय लिहायचं, सगळं पत्र्याच्या पेटीत साल घालून बांधलेलं. रजनी जुना कागद काढायची, शेजारी नवा ठेवायची आणि ओळीनं ओळ उतरवून घ्यायची. उतरवताना तिला वाटायचं, तो बाजूला बसून सांगतो आहे.

आता युरियाची एवढी घाई का, तर संत्र्यासाठी. या भागात आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. महिना-सव्वा महिना झाड तहानलेलं ठेवायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं कोमेजतात, झाड रुसल्यासारखं होतं. मग संक्रांतीच्या सुमाराला ताण तोडायचा, म्हणजे आळ्यात खत घालून भरपूर पाणी सोडायचं, की फुलांनी झाड भरून जातं. खताशिवाय नुसतं पाणी सोडलं तर फूल धरत नाही. आणि पाणी सोडायला उशीर केला तर झाडच वाळतं. म्हणजे थांबायचं तेही बेतानं. बाजारात काही दुकानदारांकडे युरिया होता, पण एका बोरीमागे नको ती औषधाची बाटली गळ्यात मारत होते. म्हणून सारे समितीच्या दारात.

दारातली लाइन माणसांची नव्हती, दगडांची होती. माणसं शेतात जायची, दगड नंबर धरून बसायचे. ज्याचा दगड त्यानं ओळखायचा. कोणाचा चपटा, कोणाचा वरवंट्याचा तुकडा, कोणी खडूनं नाव घातलेला. हमाल श्रावण साठीचा माणूस, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, “पांढुर्ण्याचे लोक गोटमारीच्या जत्रेत दगड फेकतात. आपल्या गावचे दगड पाहा, कसे शाळेतल्या पोरांवानी बसले हायेत.”

प्रभाकरचा दगड दोनदा कोणीतरी मागे सरकवला. प्रभाकर डोक्यानं चालू. तिसऱ्या दिवशी तो दगडाला शेंदूर फासून घेऊन आला आणि पस्तिसाव्या नंबरवर ठेवून गेला. आता कोणाची छाती आहे हात लावायची! दुपारी गावातल्या म्हाताऱ्या अंबाबाई काठी टेकत आल्या, दगडासमोर थांबल्या, चष्मा पुसला आणि एक झेंडूचं फूल वाहून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन फुलं होती आणि एक खोबऱ्याचा तुकडा.

रजनी चिडली. “प्रभाकरभाऊ, देवाले लाइनीत उभं करता का तुम्ही?”

“मी कुठं उभं केलं? ते स्वतःच उभे हायेत. आपल्या गावावर संकट आलं म्हणून.”

“संकट तुमच्यावर येईन, मारुतीराया पाहून राहिला.”

“मंग बरंच आहे नं, ताई. माझा नंबर तं पाहून राहिला तो.”

दगडांच्या बाजूच्या कडुनिंबाखाली माणसं बसायची आणि जगाचा कारभार करायची. चिंधी ‘समुद्र’वरून हलेना, तसा त्या कारभाराला जोर चढला.

“युरिया देनाऱ्या देशानं सांगून टाकलं म्हणते, आमचा युरिया आधी आमच्या शेतकऱ्याले. उरला तं बाहेर.”

“मुद्दाम करून राहिले ते. आपल्याले खिजवायले.”

“मुद्दाम कायले?” प्रभाकरनं विडीची राख झटकली. “आपल्या सरकारनं कांदा नव्हता का बंद केला बाहेर जायचा? तवा तुले चार रुपये कमी पडले कांद्याले, तं तू म्हणे, सरकार असावं तं असं. तिकडे कांदा खाणारे तवा हेच बोलत असतीन, का भारताचे लोक खिजवून राहिले.”

“आन् बांगलादेशानं आपल्या संत्र्यावर कर चढवला, ते?”

“त्याईचं त्याईले, आपलं आपल्याले. प्रत्येकाची बायको त्याले घरात विचारते नं, का आधी आपल्या पोराईचं काय?”

श्रावण आतून ओरडला, “प्रभाकर, तुले दिल्लीले पाठवा लागते. युरिया नाही आला तरी चालन, तू तं जाशीन!”

रजनी आत बसून हे ऐकायची आणि ओठातल्या ओठात हसायची. घरी सायलीची परीक्षेची तयारी चालू होती, विषय राज्यशास्त्र. पुस्तक हिंदीत, पाठांतर मोठ्यानं, आणि आईला समजावणं मराठीत.

“आई, ऐक. देश आपलं हित जपायसाठी बाहेरच्या देशांशी जसा वागतो ते परराष्ट्र धोरण. आणि तेच हित जपायसाठी घरात जे नियम करतो ते अंतर्गत धोरण. दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात.”

“म्हणजे बाहेर गोड बोलून सामान आणायचं आणि घरात दोन-दोन बोऱ्या वाटायच्या. हेच नं?”

“पेपरात असं लिहिलं तं मले शून्य भेटन.”

“मंग पुस्तकवाल्याले पाठव आपल्या गोदामात. आठ दिवस बसू दे.”

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात चिंधी हलली. जहाज बंदराला लागलं, चार दिवसांनी छिंदवाड्याला रेल्वेची रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागली. रजनीनं एका सकाळी चिंधी ‘छिंदवाडा’वर आणि दुसऱ्याच संध्याकाळी ‘सौंसर’वर नेली. प्रभाकरनं टाळ्या वाजवल्या. अंबाबाईंनी शेंदराच्या दगडाला साखर ठेवली.

आणि वडधोंडीला ट्रक आला साठ बोऱ्यांचा.

साठ बोऱ्या म्हणजे पहिले तीस दगड. दोन तासांत गोदाम झाडून साफ. उरलेल्यांना वाटलं, उद्या अजून येईल. उद्या लोधीखेड्याला दोन ट्रक गेले. परवा मोहगावला एक गेला. वडधोंडीच्या फाट्यावरून गेला, वळला नाही. रजनीनं सौंसरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, “ताई, तुमचं जेवढं होतं तेवढं दिलं. कॉम्प्युटरमध्ये तुमच्या समितीचं वाटप पूर्ण दिसते.”

पूर्ण! ती चिंधीकडे बघत राहिली. इतके दिवस सारं गाव परदेशाच्या नावानं बोटं मोडत होतं. जहाज तर आलं होतं. मग हे काय?

कडुनिंबाखालचा सूर बदलला. आधी परदेशावर होता, मग सरकारवर, आता गोदामाच्या दारावर यायला लागला. कोणी तोंडावर बोललं नाही, पण “दिल्लं असन कोनाले मागल्या दारानं,” हे वाक्य तिच्या कानावर पडलंच. आणि ज्या बागा सगळ्यात आधी ताणावर टाकलेल्या, त्यात भगवंतरावांची होती.

भगवंतराव म्हणजे वसंतरावांचे थोरले भाऊ, रजनीचे भासरे. जुन्या वळणाचा माणूस. भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांची रीत. ती पुढ्यात उभी असली तरी ते तिसऱ्याला सांगायचे. तिसरं माणूस नसेल तर खांबाला सांगायचे. त्यांच्या चारशे झाडांना पाणी तोडून चाळीसवर दिवस झाले होते. पानं सुरळ्या करून उभी. ते सायंकाळी ओट्यावर आले, धोतराचा सोगा मांडीवर घेतला आणि म्हणाले,

“सायली, तुझ्या आईले सांग, झाडं अजून आठ दिवस काढतीन. नववा दिवस नाही काढत.”

“आई इथंच आहे, मोठे बाबा.”

“सांग म्हटलं नं तुले.”

“आई, झाडं आठ दिवस काढतीन,” सायलीनं सांगितलं.

“ऐकलं,” रजनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं पेटी उघडली. समितीचं वाटप कशावरून ठरतं, तर मागणीपत्रकावरून. हंगामाच्या आधी ते पाठवायचं. कोणतं पीक किती एकर, आणि त्याला किती खत. तिनं यंदाची प्रत काढली. गहू, तीनशे दहा एकर. हरभरा, चाळीस. संत्र्याची ओळच नाही. मागच्या साली तेच. त्याच्या मागच्या साली तेच. खाली खाली जात ती वसंतरावांच्या अक्षरापर्यंत पोचली. गहू, तीनशे दहा.

तिनं ओट्यावर जाऊन शिवाराकडे नजर टाकली. तीनशे दहा एकर गहू? वडधोंडीत गव्हाची वावरं बोटावर मोजता येतात. सत्तर एकर म्हटलं तरी डोक्यावरून पाणी. बाकी सगळा तर संत्रा.

मग तिला उमगलं. हा छापील कागद खतवाल्यांचा, आणि संत्रा मोडतो उद्यानिकी, म्हणजे फळबागांच्या, विभागात. कागदावर संत्र्याला ओळच नव्हती. गावाला खत मिळावं म्हणून वसंतरावांनी कधीतरी सगळा संत्रा गव्हाच्या ओळीत घातला. कोणी तपासलं नाही, खत येत गेलं. आणि यंदा पटवारी मोबाईल घेऊन बांधाबांधानं फिरला होता. वावरात उभं राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचं, अशी नवी गिरदावरी, म्हणजे पीकपाहणी. त्यात गहू निघाला असेल सत्तर एकर, आणि कॉम्प्युटरनं सत्तर एकराचंच खत दिलं. कॉम्प्युटरचं चुकलं काय?

चुकलं तिचं. पाच वर्षं तिनं न वाचता उतरवलं होतं. अक्षर बघत राहिली, आकडा बघितलाच नाही.

संध्याकाळी तिनं घरात सांगून टाकलं. उद्या पांढुर्ण्याला जायचं, कृषी कार्यालयात, आणि आहे ते सांगायचं. भगवंतराव ओट्यावरून उठून उभे राहिले.

“सायली, सांग तुझ्या आईले. साहेबासमोर वसंताचं नाव निघन. मेलेल्या माणसावर खोटं लिहिल्याचा ठपका. आन् हिची नौकरी? त्याच्याच जागेवर आहे नं ही? त्यानं खोटं केलं म्हटल्यावर जागा राहीन का?”

“पण मोठे बाबा, झाडं—”

“झाडं माही हायेत. मी पाहीन माह्या झाडाईचं.”

प्रभाकर तिथेच होता. त्यानं वेगळीच वाट काढली. “ताई, असं करा. म्हणा, पटवारीच चुकला. गहू होता, त्यानं पाहिला नाही. उलट अजून पन्नास एकर चढवून द्या. सरकारच्या घरी काय गहू मोजायले कोनी बसलं आहे?”

“बसलं आहे म्हणूनच तं साठ बोऱ्या आल्या,” रजनी म्हणाली. मग तिनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि पहिल्यांदाच भासऱ्यांना खांबामार्फत नाही, सायलीमार्फत नाही, सरळ सांगितलं. “भाऊजी, त्याईनं पोट भरायसाठी नाही लिहिलं. गावासाठी लिहिलं. हे मी सांगू शकते. पण आता मी त्याच आकड्यावर बसून राहिली, तं ते माहं खोटं होईन. त्याईचं नाही.”

भगवंतरावांनी चपला घातल्या आणि गेले.

सोमवारी सकाळी ती निघाली. मोहगावला बस बदलायची होती आणि मधे अर्धा तास होता, म्हणून अर्धनारीश्वराच्या देवळात गेली. दर महिन्याला जायची ती. मागायची काही नाही. मागायला तिला लाज वाटायची. बेल वाहिला, गाभाऱ्यात डोळे मिटून उभी राहिली. पिशवीत दोन प्रती होत्या, एक त्याच्या अक्षरातली, एक तिच्या. तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली आणि बाहेर आली.

पांढुर्णा जिल्हा होऊन फार वर्षं झालेली नाहीत. कार्यालयातले फलक अजून नवे होते. तिला वाटलं होतं, दाढीवाले, चष्मेवाले साहेब असतील. खुर्चीवर होत्या कृषी अधिकारी उर्वशी मॅडम, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. टेबलावर डबा उघडा होता, पोळी हातात होती. रजनी उलटी फिरायला लागली, तसं त्यांनी बसायची खूण केली. त्या हिंदीत बोलत होत्या. रजनी निम्मं हिंदीत आणि घाबरली की मराठीत.

तिनं दोन्ही कागद समोर ठेवले. “मॅडम, हा गहू गहू नाही. यातला दोनशे चाळीस एकर संत्रा आहे. तुमच्या कागदावर संत्र्याची ओळ नव्हती, म्हणून माझ्या नवऱ्यानं तो इथे घातला. ते आता नाहीत. त्यांच्यानंतर पाच वर्षं मी डोळे मिटून उतरवला.”

मॅडमनी पोळी डब्यात ठेवली, हात पुसले आणि कागद जवळ ओढला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. नोकरी गेली तर शिलाई मशीन आहे, सायलीचं शेवटचं वर्ष आहे, एवढं तिनं तेवढ्यात मनात मांडून टाकलं.

“तुम्हाला माहीत आहे हा कागद कुठपर्यंत जातो?” मॅडमनी विचारलं.

“सौंसरपर्यंत. फार तर इथपर्यंत.”

“इथून भोपाळला जातो. भोपाळची बेरीज दिल्लीला जाते. दिल्लीवाले त्या बेरजेवर ठरवतात, घरच्या कारखान्यात किती बनतो आणि बाहेरून किती जहाजं आणायची. मग त्या आकड्यावर दुसऱ्या देशाशी बोलायला बसतात. समोरच्याला कळलं की यांना स्वतःलाच आपली गरज नीट माहीत नाही, तर तो भाव चढवतो, नाही तर अडवून धरतो. म्हणून यंदा वरून सक्त सूचना आहे, शेतात दिसेल तेवढंच पीक मानायचं.”

रजनीच्या डोळ्यापुढे एक मोठं टेबल आलं. परदेशी माणसं, आपली माणसं, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध वडधोंडीचा तीनशे दहा एकर गहू, जो कधी पेरलाच नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आम्हाला वाटलं, कोण बघतं,” ती म्हणाली.

“सगळ्यांनाच तेच वाटलं.” मॅडम जरा हसल्या. त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढली आणि टेबलावर टाकली. “पंधरा दिवस मी हेच शोधते आहे. संत्र्याच्या पट्ट्यात कागदावर इतका गहू, आणि पटवारी म्हणतो वावरात एक ओंबी नाही. चार समित्यांना नोटीस काढली. चौघांनी लेखी दिलं, पटवारी चुकला. स्वतःहून येऊन सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

त्यांनी फोन उचलला. उद्यानिकीच्या माणसाला बोलावलं, त्याच्या नोंदीतून वडधोंडीच्या बागा काढून घेतल्या. दोनशे अडतीस एकर निघाल्या. मग एक पट्टी आणि पेन रजनीपुढे सरकवलं. “हरभऱ्याच्या खाली ओळ आखा. संत्रा लिहा. गव्हाचा आकडा एका रेघेनं खोडा, बाजूला सही करा. दुरुस्तीचा अर्ज वेगळा लिहून द्या.”

रजनीनं पट्टी धरली. हरभऱ्याखाली ओळ आखली, संत्रा लिहिलं. “मॅडम, अर्जात... आधी कोणी लिहिलं होतं ते लिहावं लागेल?”

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग त्या दोन प्रतींतली जुनी प्रत उचलली आणि तिच्या हातात परत दिली. “मला यंदाचं दुरुस्त करायचं आहे. सध्या विक्रेत्या तुम्ही आहात, सही तुमची लागेल. बाकीचं हा कागद विचारत नाही.”

तिनं सही केली, पूर्ण नाव. रजनी वसंत कळंबे. त्याचं नाव त्या कागदावर तेवढंच आलं, तिच्या नावाच्या मधोमध.

“खत कधी येईल मॅडम?”

“नक्की नाही सांगत. राखीव साठा थोडा आहे. मागितलं तेवढं मिळणार नाही.”

बस स्टँडवर येईपर्यंत ती ठीक होती. बसमध्ये बसली, आणि शेजारच्या बाईनं सहज विचारलं, “कुठं जाऊन राहिल्या?” तेव्हा तिला रडूच फुटलं. त्या बाईनं काही न विचारता पिशवीतला संत्रा सोलून अर्धा तिच्या हातावर ठेवला. आंबट होता. रजनीनं सगळा खाल्ला.

गावात तिनं काही लपवलं नाही. कडुनिंबाखाली उभी राहून जे झालं ते सांगितलं. चूक कागदात होती, दुरुस्त केली, खत येईल, किती येईल आणि कधी ते माहीत नाही. चिंधी मात्र ‘सौंसर’वरच ठेवली. मागल्या दाराचं ज्यानं म्हटलं होतं, तो मान खाली घालून आपला दगड सारखा करत बसला.

बुधवारी संक्रांत झाली. बायकांनी हळदीकुंकू केलं, रजनी सगळ्यांना तीळगूळ द्यायला सायलीला पाठवून स्वतः गोदामात बसून राहिली. गुरुवार गेला. शुक्रवारी भगवंतरावांनी बागेत मोटार लावून ठेवली, बटण दाबलं नाही. सहावा दिवस होता.

शनिवारी सकाळी साडेनऊला फाट्यावर हॉर्न वाजला. श्रावण रिकाम्या बोऱ्यांवर बसून चहा पीत होता. कप तसाच ठेवून धावला, आणि साठीचा माणूस दहा वर्षांच्या पोरासारखा ओरडत परत आला, “वळला! ताई, वळला! इकडेच वळला!”

एकशे ऐंशी बोऱ्या. पुऱ्या नव्हत्या. पण हिशेबानं घातल्या तर पहिल्या पाण्याला पुरतील एवढ्या होत्या. रजनीनं चिंधी शेवटच्या खिळ्यावर नेली आणि मग लाइनीसमोर आली.

“दगडाच्या नंबरनं नाही देणार आज,” ती म्हणाली. “ज्याची बाग आधी ताणावर टाकली, त्याले आधी. कोनाची बाग कवा सुकली, हे साऱ्याले साऱ्याचं माहीत आहे. कोनी खोटं बोलू नये. खोटं बोललं का कुठपर्यंत जाते, ते मी पाहून आली.”

कुरकुर झाली. प्रभाकरनं हात वर केला. “मंग माह्या पस्तिसाव्या नंबरचं काय? शेंदराचा खर्च झाला नं, ताई.”

“दगड उचलून घरी न्या.”

प्रभाकर दगडाजवळ गेला. दगडावर ताजी फुलं होती, खाली तीळगूळ होता, आणि अंबाबाई नेमक्या त्याच वेळी त्याला हात जोडून उभ्या होत्या. प्रभाकर वाकला आणि तसाच सरळ झाला.

“काय झालं, उचल नं!” लाइनीतून हसू फुटलं.

“कसा उचलू? आता तो माहा राहिला कुठं.” आणि त्यानंही हात जोडले. आज त्या दगडाभोवती कोणीतरी चार विटा लावल्या आहेत.

वाटप दुपारी अडीचला संपलं. भगवंतरावांचा नंबर तारखेनं तिसरा लागला. त्यांनी अंगठा लावला, बोऱ्या बैलगाडीत टाकल्या, आणि गाडी हाकायच्या आधी खांबाला म्हणाले, “वसंता असता तं हेच केलं असतं त्यानं. मले उशिरा सुचलं.” रजनी पावती लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, पण पावतीवरचा आकडा तिला दोनदा बघून लिहावा लागला.

सगळे गेल्यावर तिनं गोदाम झाडायला घेतलं. रिकाम्या बोऱ्यांची चळत कोपऱ्यात होती, तिथे जरा टेकली. सासरी आल्यापासून दुपारी ती कधी लवंडली नव्हती. बाहेर दूर कुठेतरी मोटारींचे आवाज सुरू झाले, एक, मग दुसरी, मग एकाच वेळी तीन-चार. सारं शिवार पाणी सोडत होतं. तिनं मनातल्या मनात मारुतीरायाचं नाव घेतलं. पुढे काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यातच झोप लागली.

तीनच्या सुमाराला भगवंतराव परत आले. गाडीत पाटाच्या मातीनं भरलेलं फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. श्रावण दारात स्टूल टाकून बसला होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

“ताई कामात हायेत.”

भगवंतरावांनी आत डोकावून बघितलं. भिंतीवर चिंधी शेवटच्या खिळ्याला, खाली भावजय बोऱ्यांवर गाढ झोपलेली, हातात पावती पुस्तक तसंच. ते दोन पावलं मागे आले.

“श्रावण,” ते हळूच म्हणाले, “सांग तिले, पहिल्या आळ्यात पानी भरलं. पन आत्ता नको सांगू. उठली का सांगजो.”